एकट्या माजी सैनिकाच्या घरी कुत्रा आणताना

खानदेशात सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या माणसाला, तो शिपाई म्हणून परतला असो की सुभेदार म्हणून, सारे गाव सरसकट ‘मेजर’ म्हणते. त्या हाकेत मान असतो आणि थोडे अंतरही असते. पारावर मेजरला बसायला जागा करून देतात, १५ ऑगस्टला शाळेत पुढची खुर्ची देतात, आणि उरलेले वर्षभर तो माणूस घरात एकटा काय करतो हे कोणी विचारत नाही. माझे थोरले मामा अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावात असेच मेजर आहेत. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धाच्या वेळी, ते द्रासच्या बाजूला होते आणि पुढे हवालदार म्हणून निवृत्त झाले. मामी वारल्या, मुलगा कामासाठी सुरतेला गेला, आणि मामांच्या घराचे दार दिवसाही लोटलेले राहू लागले. रात्री दिवा चालू ठेवून झोपणे, कुठेही गेले तरी पाठ भिंतीला लावून बसणे, लग्नात फटाक्यांची लड लागण्याच्या आत ताटावरून उठून जाणे, या गोष्टी आम्ही त्यांचा स्वभाव म्हणून सोडून दिल्या होत्या.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. त्यामुळे कुत्र्यांबद्दल मला थोडेफार कळत होते. माणसाबद्दल मात्र चुकत चुकत शिकावे लागले. आपल्याही घरात एखादा माजी सैनिक असा एकटा पडला असेल आणि त्याला कुत्र्याची सोबत मिळवून द्यावी असे मुलाला, सुनेला किंवा भाच्याला वाटत असेल, तर ते काम कोणत्या क्रमाने आणि कोणती काळजी घेऊन करावे, हे येथे सांगतो.

कुत्र्याच्या आधी डॉक्टर

झोपेतून ओरडत उठणे, बारीकशा आवाजाने दचकणे, त्या दिवसांची आठवण करून देणारी माणसे व जागा टाळणे, आपल्याच माणसांबद्दल काही न वाटणे, क्षुल्लक कारणाने भडकणे हे सारे एक महिन्याहून अधिक काळ चालू असेल, तर तो स्वभाव नसून आजार असण्याचा संभव मोठा आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याला पीटीएसडी या नावाने स्थान दिले. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. आपल्याकडे मात्र एक तर ‘फौजी डोके आहे’ म्हणून हसून सोडून देतात, नाही तर भगताकडे नेऊन उतारा करतात. दोन्हींत वर्षे वाया जातात.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १४१ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना प्रशिक्षित कुत्रा मिळाला होता आणि जे कुत्र्याची वाट पाहत यादीत होते, अशा दोन गटांची त्यात तुलना होती. कुत्रा असलेल्यांची लक्षणे स्पष्टपणे कमी आढळली, एकटेपणाही कमी आढळला; परंतु आजार संपला असे म्हणण्याइतकी ती खाली आली नव्हती. ही दुसरी बाजू बातम्यांमध्ये सहसा येत नाही, आणि घरच्यांनी नेमकी तीच लक्षात ठेवायला हवी. कुत्रा उपचाराच्या जोडीला येतो, उपचाराच्या जागी येत नाही. तिथे २०२१ मध्ये माजी सैनिकांना कुत्रे प्रशिक्षित करण्याच्या कामातून उपचार मिळावेत यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. प्रशिक्षित सेवाश्वान मिळवून देणारी तशी व्यवस्था तालुक्याच्या गावी आपल्या हाताशी नाही, म्हणून जे करायचे ते घरच्या घरी आणि सबुरीने करावे लागते.

तेव्हा पहिले पाऊल असे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येते आणि फोन कधीही करता येतो. माजी सैनिकाकडे ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. कार्डाचे काम अडले असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. आणखी एक गोष्ट संकोच न करता पाहावी. निवृत्तीनंतर बँकेत किंवा एटीएमवर सुरक्षारक्षक म्हणून काम केलेल्या अनेकांकडे परवान्याची बंदूक असते. ‘आता जगून काय करायचे’ अशी भाषा ऐकू येत असेल, तर कुत्र्याचा विचार करण्याआधी ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची व्यवस्था करावी आणि त्या दिवसांत त्यांना एकटे ठेवू नये.

फसलेला पहिला प्रयत्न

मामांचा मुलगा दिवाळीला सुरतेहून येताना जर्मन शेफर्डचे पिल्लू घेऊन आला. मामांना आधी विचारले नव्हते; अचानक समोर ठेवले की माणूस विरघळतो, असा आमचा सगळ्यांचाच समज होता. विकणाऱ्याने लसी झाल्याचे तोंडी सांगितले होते, कार्ड मात्र दिले नव्हते. सहाव्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले, उलट्या झाल्या, रक्ताची हगवण लागली. पार्व्हो या विषाणूचा तो आजार लस न झालेल्या पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. मी सलाइन लावले, मामा दोन रात्री बाटली धरून बसले, आणि तिसऱ्या पहाटे पिल्लू त्यांच्या मांडीवर गेले. नंतरचे दोन महिने ते आमच्याशीही धड बोलले नाहीत. ज्या माणसाने सोबतीचे जवान हातांत जाताना पाहिले आहेत, त्याच्या हातात आम्ही आजारी जीव दिला होता.

यातून निघालेले नियम सरळ आहेत. कुत्रा कधीही भेट म्हणून, न विचारता आणू नये. पिल्लू आणू नये. त्याला रात्री तीनदा उठावे लागते, ते चपला फाडते, घरात मुतते, आणि आधीच झोप नसलेला माणूस त्याच्यावर चिडतो. पार्व्होचा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो, म्हणून असा आजार ज्या अंगणात होऊन गेला तिथे पुन्हा पिल्लू तर मुळीच नको. माणूस साठीच्या पुढचा असेल तर वयाचाही हिशेब करावा. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो, आणि दोघांपैकी कोण मागे राहील हा प्रश्न आजच विचारलेला बरा.

कोणता कुत्रा निवडावा

दोन ते चार वर्षांचा, स्वभाव ठरून गेलेला गावठी कुत्रा हा माझ्या मते आपल्या भागात सर्वांत योग्य. त्याला आपला उन्हाळा सोसतो, तो भाकरीवर वाढलेला असतो आणि त्याचा स्वभाव गावातली दहा माणसे सांगू शकतात. जातिवंत कुत्र्यांवरच्या हौसेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण केसाळ, चपट्या नाकाचा कुत्रा भुसावळच्या मे महिन्यात पाळणे ही त्या जिवाला शिक्षा आहे.

आम्हाला सापडली ती एसटी थांब्याजवळच्या चहाच्या टपरीखाली झोपणारी, तपकिरी रंगाची, एक कान दुमडलेली कुत्री. तिची पारख मी तीन दिवसांत केली. पंधरा-वीस हातांवर स्टीलचे ताट पाडले. ती दचकून उठली, पाहिले, आणि थोड्याच वेळात पुन्हा बसली. असेच उत्तर हवे. जो तासभर लपून बसतो तो कुत्रा नको, आणि जो आवाजाच्या दिशेने दात दाखवत धावतो तोही नको. खात असताना दुरून दुसरा तुकडा टाकला तर ती गुरगुरते का, लहान मुले धावत गेली तर मागे लागते का, अनोळखी माणूस बाजूला बसला तर उठून जाते की थांबते, हेही पाहिले. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊन पारख करण्याचा आगाऊपणा कोणी करू नये.

त्यानंतर मामांना सांगितले ते इतकेच: टपरीपाशी एक कुत्री आहे, तिला लस द्यायची आहे, धरायला माणूस हवा. ते आले. दुसऱ्या दिवशी लस टोचलेली जागा पाहायला आले, तिसऱ्या दिवशी मी बोलावले नव्हते तरी आले. घरी न्यायची का, हा प्रश्न त्यांनीच विचारेपर्यंत मी थांबलो. त्याला अठरा दिवस लागले.

घरी नेण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस, इतर आजारांवरची एकत्रित लस, जंताचे औषध आणि गोचिडांवरचे औषध हे सारे उरकावे. गोचिडाच्या तापाने आपल्याकडे चांगले धडधाकट कुत्रे जातात, म्हणून ते औषध हौसेचे समजू नये. मादी असेल तर नसबंदी करून घ्यावी. घरात ‘कुत्रे विटाळ करते’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बाई असतील तर वाद घालण्यात अर्थ नाही. आमच्या आजीला मी खंडोबाच्या पायाशी कोण असते एवढेच विचारले होते. त्यानंतर ओसरीपर्यंत परवानगी मिळाली, आणि ओसरीपासून माजघरापर्यंतचा प्रवास कुत्रीने स्वतः केला.

ड्यूटी सोपवणे

साऱ्या कामाचा कणा येथे आहे. चोवीस वर्षे ज्या माणसाचा दिवस पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या गिनतीपर्यंत कामांनी बांधलेला होता, त्याला आपण निवृत्तीनंतर काय देतो? ‘तुम्ही बसा, आम्ही करतो.’ पेन्शन येते, डबा येतो, शेत बटाईने जाते, आणि त्याच्यावाचून अडेल असे जगात काही उरत नाही. कुत्र्याचे मात्र त्याच्यावाचून अडते, आणि अडू द्यावे. म्हणून घरच्यांनी पहिल्या दिवसापासून एक पथ्य पाळायचे: कुत्र्याचे खाणे, पाणी, फिरवणे, अंग विंचरणे, औषध यांतले एकही काम मायेपोटी आपल्या हाती घ्यायचे नाही. एक दिवस ते उठले नाहीत आणि कुत्रा दारात उभा राहून कुईकुई करू लागला, तर पाच मिनिटे कानांवर हात ठेवून थांबावे. आजारपण असेल तर गोष्ट वेगळी.

वेळा ठरवाव्यात आणि त्या कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. मामांनी स्वतःच वहीच्या पानावर तक्ता आखला, आणि तो अगदी पलटणीतला होता: ०५०० फिरणे, ०६३० खाणे, १३०० पाणी बदलणे, १८३० फिरणे, २००० खाणे, २१०० राउंड. कुत्रीचे नाव त्यांनी ‘संतरी’ ठेवले. हुकूमही फौजी हिंदीतच राहिले: ‘बैठ’, ‘रुक’, ‘साथ चल’. ते बदलायला सांगू नये. त्या भाषेत त्यांचा आवाज ठाम आणि सारखा असतो, आणि कुत्र्याला शिकण्यासाठी तेवढेच पुरते.

संध्याकाळी साडेसहाची वेळ मी मुद्दाम सुचवली होती, हे येथे कबूल करतो. कॅन्टीनची बाटली साधारण त्याच सुमारास उघडायची. दारू सुटली असे मी म्हणणार नाही. पण नदीच्या पात्रापर्यंत जाऊन यायला तास लागतो, तोवर जेवणाची वेळ होते, आणि पेल्यांची संख्या घटते. पिऊन कुत्र्याला मारण्याचा प्रकार एकदा जरी घडला, तर मात्र कुत्रा तिथून काढून घ्यावा आणि आधी दारूचा उपचार करावा. त्यात भीड धरू नये.

साधे दोन धडे

प्रशिक्षित सेवाश्वान मालक अस्वस्थ झाला की नाकाने ढोसून त्याचे लक्ष स्वतःकडे वळवतो. हा धडा घरीही शिकवता येतो. उकडलेल्या अंड्याचा बोराएवढा तुकडा मुठीत धरून मूठ गुडघ्यावर ठेवावी. कुत्रा वास घेत नाकाने मुठीला ढोसतो, त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणून मूठ उघडावी. दोन-तीन दिवसांनी मूठ रिकामी ठेवावी आणि तुकडा दुसऱ्या हाताने द्यावा. हे पक्के झाले की बसल्या बसल्या पाय हलवायला सुरुवात करावी, कारण अस्वस्थ माणसाचा पाय आपोआप हलतो. आधी पाय हलवायचा, लगेच मूठ गुडघ्यावर ठेवायची, ढोसले की तुकडा. आठ-दहा दिवसांत मुठीची गरज उरत नाही आणि पाय हलताच कुत्रा येऊन ढोसतो. एका वेळी पाच मिनिटांहून जास्त शिकवू नये, आणि दोघांपैकी एक जण जरी कंटाळला तरी थांबावे. दुसरा धडा म्हणजे ‘पीछे’. दुकानात किंवा रांगेत उभे असताना कुत्रा मालकाच्या मागे, त्याच्या पोटऱ्यांना अंग टेकवून उभा राहतो. ज्याला पाठ उघडी असली की चैन पडत नाही, त्याच्यासाठी हे फार मोठे आहे. किराणा दुकानात मामा भिंत न शोधता उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले ते असेच.

रात्रीची व्यवस्था वेगळी ठेवावी. दुःस्वप्नातून उठणाऱ्या माणसाचा हात आधी चालतो आणि डोळे नंतर उघडतात. म्हणून सुरुवातीला कुत्र्याला खाटेवर किंवा उशापाशी झोपवू नये. पायथ्याकडे चार-पाच हातांवर त्याचे पोते अंथरावे. घरच्यांनीही अंगाला हात लावून उठवू नये. दारात उभे राहून नावाने किंवा हुद्द्याने हाक मारावी, दिवा लावावा, ‘तुम्ही घरी आहात’ असे सांगावे. संतरी काही महिन्यांनी स्वतःहून खाटेच्या पायाला पंजाने खरवडू लागली. हे तिला कोणी शिकवले नव्हते, आणि प्रत्येक कुत्रा ते करीलच असे नाही.

फटाके, बँड आणि बार

खानदेशातली लग्नसराई उन्हाळाभर चालते आणि वरातीत सुतळी बॉम्ब ठरलेले असतात. येथे एक विलक्षण गोष्ट आपल्या मदतीला येते: माणूस आणि कुत्रा दोघेही एकाच आवाजाने हादरतात. मेजरला ‘फटाक्याला काय घाबरता’ म्हटले तर तो आणखी मिटतो. पण कुत्र्यासाठी तयारी करायची आहे म्हटले की तो कामाला लागतो.

कुत्र्याच्या तयारीला दिवाळीच्या महिनाभर आधी सुरुवात करावी. त्याच्या खाण्याच्या वेळी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावावा आणि तो निर्धास्त खातो असे दिसेल तसतसा दिवसागणिक किंचित वाढवावा. हा सराव घरातल्या दुसऱ्या माणसाने, मेजर बाहेर असताना करावा. तोच उपाय माजी सैनिकावर आपल्या मनाने करून पाहणे धोक्याचे आहे; तसे उपचार असतात, पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच होतात.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फिरणे आणि खाणे दिवस मावळण्याआधी उरकावे. माजघराच्या खिडकीला गोधडी लावावी, कूलरचा नुसता पंखा चालू ठेवावा कारण त्याची घरघर बाहेरचे आवाज बरेच गिळते, आणि रेडिओ लावावा. त्या वर्षी मी मामांना एक काम दिले होते. शांत बसलेला कुत्रा मिनिटाला साधारण पंधरा ते तीस वेळा श्वास घेतो. भ्यायला की धापा टाकतो. संतरीचे श्वास मोजून लिहून ठेवा, मला लागतील, असे मी सांगितले. रात्री अकराला मी गेलो तेव्हा ते जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते, डावा हात तिच्या बरगड्यांवर पसरलेला, उजव्या हातात जुने एचएमटी घड्याळ, आणि बाजूला वही. वहीत दर पंधरा मिनिटांची नोंद होती. पहिल्या चार ओळींत आकड्याऐवजी ‘मोजता येत नाही’ असे होते, मग ७२, ५०, ४४, आणि दहाच्या पुढे ३०. बाहेर गल्लीत तेव्हाही बार उडत होते. मामांनी वही माझ्याकडे दिली आणि ‘रिपोर्ट’ एवढेच म्हणाले. इतक्या वर्षांत लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते त्या खोलीत शेवटपर्यंत बसलेले मी पाहिले नव्हते.

ऊन आणि ताट

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा संध्याकाळचे फिरणे दिवेलागणीनंतर ढकलावे. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवावी. चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसतो. जीभ लोंबवून जोरजोरात धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या असे दिसले तर लगेच सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि मगच दवाखाना गाठावा.

खाण्यात ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, अंडे, उकडलेले चिकन, थोडे दही एवढे पुरते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला विषारी असतात, त्यामुळे भरीत, शेवभाजी किंवा कोणत्याही खानदेशी रश्शात कालवलेला घास देऊ नये. चंपाषष्ठीला कुत्र्याला नैवेद्याचा घास काढतात, तो नुसत्या रोडग्याचा काढावा. खंडोबा रागावणार नाही. शिजवलेली हाडे, आंब्याच्या कोया, मनुका व चॉकलेट वर्ज्य. ताप आला म्हणून माणसाची क्रोसिन किंवा ब्रुफेन कधीही देऊ नये.

गल्लीपासून पारापर्यंत

पहिले दोन-तीन आठवडे माणसे नसलेली वाट धरावी. आधी मालक आणि कुत्रा एकमेकांना पारखून घेतात, आणि त्या काळात कोणी मध्ये बोललेले त्यांना नको असते. नंतर वाट थोडी बदलावी, पण वेळ तीच ठेवावी. रोज त्याच वेळी त्याच ओट्यावरून जाणारा माणूस लोकांच्या अंगवळणी पडतो. मेजरशी काय बोलावे हे गावाला ठाऊक नव्हते, कारण विचारावेसे वाटे ते विचारवत नव्हते. कुत्रीबद्दल विचारणे सोपे होते. पहिला प्रश्न एका सात-आठ वर्षांच्या पोराने केला: “आजा, हाई चावस का?” मामा थांबले, संतरीला ‘बैठ’ म्हणाले, आणि पोराला हात कसा पुढे करायचा ते दाखवले. द्रासबद्दल त्यांना शंभर जणांनी विचारले असेल आणि एकालाही उत्तर मिळाले नसेल. या प्रश्नाला मिळाले.

घरच्यांनी या गाठीभेटी घडवून आणण्याचा अट्टहास करू नये. ‘जा, बसा ना जरा लोकांत’ असे ढकलले की माणूस दुसऱ्या दिवशी वाट बदलतो. आपल्या हातात आहे ते एवढेच की कुत्र्याच्या निमित्ताने त्यांच्याकडे काम यावे. मुलांना कुत्र्याशी वागण्याचे नियम त्यांनीच सांगावेत: झोपलेल्या किंवा खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, पाठ फिरवून पळायचे नाही, आणि चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून गावातल्या कुत्र्यांना लस देण्याचे शिबिर ठेवता येते, आणि त्यात कुत्रे धरणारा, ओळ लावणारा, नोंद ठेवणारा असा धीराचा माणूस नेहमीच कमी पडतो. आमच्या गावात ती वही तीन वर्षे मामांकडे आहे. अनुक्रमांक, रंग, अंदाजे वय, मालकाचे नाव, तारीख असे रकाने त्यांनी आखले आहेत आणि सही घेतल्याशिवाय ते कुत्रा सोडत नाहीत, यावरून लोक कुरकुरतात. तेही चांगलेच आहे, कारण कुरकुरण्यासाठी का होईना, लोक त्यांच्या ओट्यावर येतात.

राखीव माणूस

शेवटची व्यवस्था पहिल्याच महिन्यात करून ठेवावी. मेजर आजारी पडले, परगावी गेले, तर कुत्र्याला कोण पाहील? तक्त्याखाली आणखी एक नाव लिहिलेले हवे, आणि ते शक्यतो घरातले नसावे. त्या माणसाने आठवड्यातून एकदा तरी मेजरसमोर कुत्र्याला खायला घातलेले असावे, म्हणजे वेळ आल्यावर कुत्रा त्याच्या हातचे खातो.

मामांनी ते नाव लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लावला. शेजारच्या काकूंचे आणि त्यांचे शेताच्या बांधावरून बोलणे बंद होते. पण संतरी दुपारची झोपायची ती त्यांच्याच नीमखाली, आणि काकू तिला गुपचूप भाकरीचा तुकडा टाकतात हे मामांना ठाऊक होते. गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना धुळ्याला दोन दिवस राहायचे होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते पट्टा आणि वाडगे घेऊन कुंपणापाशी गेले, आणि तक्त्याची नक्कल काकूंच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी, मामांच्या डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना, माझ्या फोनवर काकूंचा फोन आला. मामा समोर आहेत का, एवढे विचारून त्यांनी फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितला आणि निरोप दिला: “संतरीनी भाकर खादी. तुम्ही तुमना डोया सांभाया.”